चेन्नईला राहायला जाताय? मराठी माणसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही २०१४ च्या जूनमध्ये पुण्याहून चेन्नईला आलो. नवऱ्याची बदली श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात झाली होती, ‘दोन वर्षांत परत’ असं ठरलं होतं. ती दोन वर्षं अजून चालूच आहेत. मधल्या काळात भाचा, नणंदेच्या मैत्रिणीची मुलगी, नवऱ्याच्या ऑफिसातली नवी पोरं अशा कितीतरी जणांचे फोन आले आणि प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून एकदा बसून लिहून काढले.

हिंदीवर भागेल का?

सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो. काही ठिकाणी भागतं. साहुकारपेटेत मारवाडी-गुजराती दुकानं आहेत, तिथं भागेल. हॉटेलात वाढणारा मुलगा बिहार, ओडिशा किंवा बंगालचा असेल तर तोच तुमच्याशी हिंदीत बोलेल. बांधकामावर, सलूनमध्ये, विमानतळावरही चालून जाईल. पण भाजीवाली, रिक्षावाला, ईबी म्हणजे वीज मंडळाच्या ऑफिसातला कारकून, शेजारच्या आजी यांच्याशी नाही.

आणि तोंड उघडल्याबरोबर हिंदी सुरू करू नका. या राज्यात हिंदीच्या सक्तीविरुद्ध १९३७ पासून आंदोलनं झाली, १९६५ मध्ये माणसं मेली आणि १९६८ पासून राज्याच्या शाळांत तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा आहेत. समोरच्याला हिंदी येत नाही यात त्याचा अडाणीपणा नाही, त्याला ती कुणी शिकवलेलीच नाही. सुरुवात मोडक्या तमिळमध्ये करा, अडलं की इंग्रजी. साध्या रिक्षावाल्यालाही ‘लेफ्टु, रैट्टु, स्ट्रेट्टु’ पुरतं इंग्रजी येतंच.

खरं सांगू? मुंबईत बाहेरून आलेल्यानं दोन शब्द मराठी बोलावं असं आपल्याला वाटतं ना? इथं बाहेरून आलेले आपण आहोत. एवढं डोक्यात बसलं की पुढची निम्मी पंचाईत टळते. पहिल्या महिन्यात मी एका किराणावाल्यावर ‘अहो, हिंदी तर राष्ट्रभाषा आहे’ असं वैतागले होते. तो हसला आणि म्हणाला, “मॅडम, नो.” घटनेत राष्ट्रभाषा असा शब्दच नाही, हे मला त्या दिवशी घरी येऊन कळलं.

तमिळ शिकणं खरंच इतकं अवघड आहे का?

लिपी वेगळी, शब्द अनोळखी, बोलण्याचा वेग आगगाडीचा. पण मराठी माणसाला इथं चोरवाटा आहेत आणि त्या हिंदीवाल्याला नाहीत.

पहिली वाट म्हणजे ळ. तो आपल्या जिभेवर आयता आहे. तमिळमध्ये ळ आहेच, शिवाय जीभ आणखी मागे वळवून म्हणायचा त्याचा एक भाऊ आहे. इंग्रजी पाट्यांवर हा भाऊ ‘झेड-एच’ असा लिहितात आणि नवखे लोक त्याचा सर्रास ‘झ’ करतात. तुम्ही बिनधास्त ळ म्हणा. चेन्नईतले कितीतरी लोक स्वतःही ळच म्हणतात. ‘पळम’ म्हणजे फळ, ‘वाळैप्पळम’ म्हणजे केळं. भाजीवालीला पहिल्यांदा ‘वाळैप्पळम’ म्हटलं तेव्हा तिनं मला एक केळं जास्त दिलं होतं.

दुसरी वाट ‘आम्ही’ आणि ‘आपण’. हिंदीत दोन्हीला ‘हम’. तमिळमध्ये मराठीसारखाच फरक आहे. ‘नम्म चेन्नई’ म्हणजे आपलं चेन्नई, यात ऐकणाराही आला. ‘एंग ऊरु’ म्हणजे आमचं गाव, यात ऐकणारा नाही. दिल्लीच्या मैत्रिणीला हे समजावताना मला अर्धा तास लागला होता, माझ्या आईला अर्धं वाक्यही लागलं नाही.

तिसरी मला सर्वात आवडणारी. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. इथं ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतात, म्हणजे ‘जाऊन येते’. नुसतं ‘जाते’ म्हटलं की इथल्या आजीही आपल्या आजीसारख्याच दटावतात.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचंही तसंच: ‘नी’ आणि ‘नींग’. अनोळखी माणसाला कायम नींग. रिक्षावाल्याला, कंडक्टरला ‘अण्णा’, वयानं मोठ्या बाईला ‘अक्का’ किंवा ‘अम्मा’, लहान मुलाला ‘तंबी’. ‘अक्का’ शिकायची गरजच नाही, घरूनच घेऊन आलाय.

पहिल्या आठवड्यात पाठ करायचे शब्द: एव्वळवु (किती), वेणाम (नको), पोदुम (पुरे), सरी (बरं), परवायिल्लै (हरकत नाही), इंगे निरुत्तुंग (इथं थांबवा), मेदुवा पेसुंग (हळू बोला) आणि ‘एनक्कु तमिळ तेरियादु’ (मला तमिळ येत नाही). हे शेवटचं वाक्य फार चांगलं म्हणायला शिकू नका. समोरच्याला वाटतं, येतंय की हिला, आणि तो आणखी जोरात सुरू होतो.

लिपी महिना-दीड महिन्यात येते. अक्षरं कमी आहेत. क आणि ग यांना एकच अक्षर, तसंच त-द आणि प-ब यांचं. त्यामुळे वाचता येतं, पण उच्चार अंदाजानं करावा लागतो. बसच्या पाट्या वाचता येऊ लागल्या त्या दिवशी मी विनाकारण दोन स्टॉप पुढं गेले होते.

घर कसं शोधायचं? अॅडव्हान्स किती?

इथं मालकाला ‘हाउस ओनर’ म्हणतात आणि बंगल्याचा वरचा किंवा मागचा भाग भाड्यानं दिला की तो ‘पोर्शन’. जुन्या वस्त्यांमध्ये म्हणजे मैलापूर, अड्यार, माम्बलम भागात, पोर्शन बरेच मिळतात. आयटीवाली मंडळी ओएमआर म्हणजे राजीव गांधी सालै या रस्त्यावर, पेरुंगुडीपासून सिरुसेरीपर्यंत राहतात. कारखान्यात जाणाऱ्यांना पोरूर, पूनमल्ली किंवा अण्णानगर सोयीचं.

अॅडव्हान्स ऐकून धक्का बसेल. पूर्वी दहा महिन्यांचं भाडं सर्रास मागत. फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेला राज्याचा भाडेकायदा अनामत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी धरतो, पण करारात वेगळं ठरवायची मुभाही ठेवतो. मालकांना ती मुभा बरोबर पाठ असते. पाच-सहा महिन्यांवर तोडपाणी होतं. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची प्रथा आहे, तेव्हा तो आकडा करारात लिहून घ्या. आमच्या पहिल्या मालकांनी रंगाचे पैसे कापले आणि पुढच्या भाडेकरूला तीच भिंत, आमच्या मुलीच्या पेन्सिलीसकट, दाखवली.

‘व्हेज की नॉन-व्हेज’ हा प्रश्न फोनवरच येईल. खोटं बोलू नका. सुरमई तळल्याचा वास तीन मजले खाली जातो. एकट्या मुलांना घर मिळायला जास्त वेळ लागतो. त्यात पुण्याहून काही वेगळं नाही.

आता कुणी सांगत नाही ते सांगते. तमिळ आडी महिना, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि मार्गळी, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, लोक घर बदलत नाहीत. आडीत लग्नंही नाहीत, फक्त कपड्यांचे सेल. म्हणजे तुम्हाला या महिन्यांचं काही वाटत नसेल तर घरं निवांत बघता येतात. आम्ही दुसरं घर आडीत घेतलं. मालकीणबाईंनी भाडं कमी केलं, पण दूध उतू घालायला मात्र आडी संपल्यावरच या म्हणाल्या. आम्ही आलो.

घर बघताना विचारायचे तीन प्रश्न: पाणी मेट्रो वॉटरचं (शहराच्या पाणीपुरवठ्याचं) की बोअरचं? ईबीचा मीटर वेगळा का? आणि २०१५ मध्ये इथं पाणी कुठवर आलं होतं? तिसऱ्याचं उत्तर मालकाला विचारू नका. समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारा.

२०१५ मध्ये काय झालं होतं? पाऊस म्हणजे जून-जुलैच ना?

नाही. आपला माणूस इथंच फसतो.

आपल्याकडे सात जूनला छत्री निघते आणि दसऱ्याला माळ्यावर जाते. इथं नैऋत्य मोसमी वारे पोचतात तेव्हा सह्याद्रीनं त्यांना बऱ्यापैकी पिळून काढलेलं असतं. जून ते सप्टेंबर संध्याकाळच्या सरी येतात, एवढंच. मग ऑक्टोबरात वारे उलटे फिरतात, बंगालच्या उपसागरावरून पाणी उचलतात आणि डिसेंबरपर्यंत शहराचा खरा पावसाळा चालतो. याला ईशान्य मोसमी पाऊस म्हणतात. म्हणजे दिवाळीच्या कंदिलाला इथं प्लास्टिक गुंडाळावं लागतं आणि मे महिन्यात ‘आता पंधरा दिवसांत पाऊस’ असा दिलासा कुणी देत नाही. मेच्या चार तारखेच्या आसपास ‘अग्नी नक्षत्रम’ सुरू होतं, लोक त्याला ‘कत्तिरी’ म्हणतात. ते तीन-साडेतीन आठवडे दुपारी बाहेर पडू नका. समुद्राकडून वारा सुटला की तेवढं जरा हायसं वाटतं.

१ डिसेंबर २०१५ च्या रात्री आम्ही वेलच्चेरीजवळ तळमजल्यावर होतो. नोव्हेंबरभर पडून तळी भरलेलीच होती, त्यात त्या दिवशी अतोनात पाऊस झाला. चेंबरंबाक्कम तलावातून पाणी सोडलं आणि अड्यार नदी फुगली. आमच्या घरात नदीचं पाणी आलं नाही, गटाराचं आलं, गुडघाभर. वरच्या पोर्शनमधल्या कुटुंबानं आम्हाला चार दिवस ठेवून घेतलं. त्या दिवसापर्यंत त्यांच्याशी आमचं बोलणं म्हणजे जिन्यातलं ‘साप्टींगळा?’ म्हणजे ‘जेवलात का?’, एवढंच होतं. त्या चार दिवसांत मी जेवढं तमिळ शिकले तेवढं आधीच्या दीड वर्षात शिकले नव्हते. त्यांचा पंधरा किलोचा तांदूळ आम्ही सगळ्यांनी मिळून संपवला.

त्यानंतर १२ डिसेंबर २०१६ ला वर्दा वादळ आलं, झाडंच झाडं पडली. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग आलं आणि पुन्हा तेच भाग बुडाले. वेलच्चेरी, मुडिच्चूर, पळ्ळिक्करणैची दलदल भरून बांधलेल्या वस्त्या हे सगळं सखल आहे. तळमजला घेऊ नका. ऑक्टोबर लागला की कागदपत्रं वरच्या फळीवर ठेवा, गाडी उंचावर लावा, मेणबत्त्या आणि पाण्याचे दोन कॅन जादा आणून ठेवा. शाळांना सुट्टी जिल्हाधिकारी सकाळी जाहीर करतात, मुलं उठल्या उठल्या तेच विचारतात.

मग पाण्याची टंचाई कुठून आली? बुडतं का सुकतं, काय ते एक सांगा.

दोन्ही. २०१९ च्या जूनमध्ये शहराची चारही मोठी तळी जवळपास कोरडी पडली होती आणि जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेच्या वाघिणी भरून पाणी आणावं लागलं. पाऊस दोन-अडीच महिन्यांत पडून समुद्रात जातो. तो चुकला की वर्षभर बोंब. घरोघरी पावसाचं पाणी जिरवण्याची सक्ती २००३ मध्येच झाली, समुद्राचं पाणी गोडं करणारे मिंजूर आणि नेम्मेलीचे प्रकल्पही आले, तरी जमिनीखालचा ‘संप’ (पाण्याची टाकी) आणि पाण्याची लॉरी हे शब्द तुम्हाला शिकावेच लागतील.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी खारट. बादल्या पांढऱ्या पडतात आणि केसांची तक्रार सगळ्या बायका करतात. पिण्यासाठी वीस लिटरचा कॅन. कोपऱ्यावरच्या दुकानात नंबर देऊन ठेवा, पोरगा खांद्यावरून आणून देतो. कॅनचं सील बघून घ्या.

वीजबिल जास्त येतं का?

ते दोन महिन्यांतून एकदा येतं म्हणून जास्त वाटतं. पहिली शंभर युनिटं फुकट, पण एकूण वापर पाचशेच्या वर गेला की दर चढतात. एसीचा हिशेब त्यानुसार करा. ‘करंट बिल’ किंवा ‘ईबी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. मालक स्वतःचा दर लावून पैसे मागत असेल तर मीटर वेगळा नाही, हे समजा.

अर्जात ‘इनिशियल’ काय लिहू?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, बँकेत मी यात दोन फेऱ्या घातल्यात. इथं बहुतेकांना आडनाव नसतं. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, मग स्वतःचं नाव, संपलं. यामागे इतिहास आहे: १९२९ मध्ये चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची पहिली परिषद भरली, तिथं जातीची नावं टाकून द्यायचं ठरलं, चळवळीचे नेते पेरियार यांनी स्वतःचं ‘नायकर’ टाकलं आणि पुढं ते अख्ख्या समाजात मुरलं. म्हणून ‘पाटील’, ‘कुलकर्णी’ ऐकून कुणाला तुमच्याबद्दल काहीएक कळत नाही. मला तरी ते फार हलकं वाटलं. फक्त गोंधळ असा होतो की ते आडनावालाच तुमचं नाव समजतात. नवऱ्याला ऑफिसात तीन वर्षं ‘जाधव सार’ म्हणत होते आणि त्याचं पाळण्यातलं नाव कुणालाच माहीत नव्हतं. आधार, पॅन आणि भाडेकरार यांवर नाव एकाच क्रमानं लिहिलेलं ठेवा.

जेवणाचं काय? पोळी मिळते का?

मिळते, पण आधी शब्द नीट समजून घ्या. ‘टिफिन’ म्हणजे डबा नव्हे. टिफिन म्हणजे इडली, डोसा, पोंगल, उपमा असं सकाळ-संध्याकाळचं खाणं. ‘मील्स’ म्हणजे दुपारचा भात. केळीच्या पानावर आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी ताक-भात. तीन वेळा भात बघून आमचे सासरे म्हणाले होते, “पोळी विसरले वाटतं.” ‘परोट्टा’ मैद्याचा असतो आणि चविष्ट असतो, पण तो पोळीच्या जागी रोज खाऊ नका.

घरी स्वयंपाक करणाऱ्याचं काही अडत नाही. गव्हाचं पीठ सगळीकडे मिळतं. ज्वारी मागायची तर ‘चोळम’, बाजरी ‘कंबु’, नाचणीला ‘रागी’ किंवा ‘केळ्वरगु’. भाकरी मात्र चिरते, कारण पीठ ताजं नसतं. मी ज्वारी आणून गिरणीतून दळून घेते. गिरणीवाल्याला आता माहीत आहे, ‘बाँबे अक्का’ला बारीक लागतं. मी सातारची आहे हे त्याला सांगून झालंय. पोहे म्हणजे ‘अवल’, शेंगदाणे ‘वेर्कडलै’. साबुदाणा म्हणजे ‘जव्वरिसी’, आणि त्याची गंमत अशी की आपण आषाढीला खातो तो साबुदाणा बहुतेक याच राज्यातल्या सेलमकडून येतो, पण इथं तो उपासाचा आहे हे कुणाच्या गावीही नाही. ते त्याची खीर आणि पापड करतात. शेजारणीला मी खिचडी दिली तर तिनं विचारलं, “यात मीठ का?”

मासे खाणाऱ्यांसाठी: वंजिरम म्हणजे सुरमई, वव्वाल म्हणजे पापलेट, करुवाडु म्हणजे सुकट-बोंबलाचा सगळा सुका प्रकार. कासिमेडुच्या बंदरावर पहाटे जायची हौस असेल तर जा. जुन्या चपला घाला.

कॉफीबद्दल मी काही लिहीत नाही. पंधरा दिवसांत चहा सुटेल.

आमटीत गूळ घालणं मात्र लपून करा. आणि हो, सांबाराला संभाजीराजांचं नाव दिलं ही गोष्ट कुणीतरी तुम्हाला सांगेलच. ती तंजावरच्या मुदपाकखान्याची कहाणी आहे, इतिहास नव्हे, पण ऐकताना आपल्याला बरं वाटतं.

गणपती, दिवाळी, पाडवा कसे होतात?

दिवाळी म्हणजे इथं नरक चतुर्दशीची पहाट. तीन-चारला उठून तेल लावून आंघोळ, नवे कपडे, फटाके. सकाळी एकमेकांना विचारतात, “गंगास्नानम आच्चा?” म्हणजे ‘गंगास्नान झालं का?’ आपल्या अभ्यंगस्नानाचंच हे भावंड. फराळाआधी ‘लेगियम’ नावाचं काळं औषधी चाटण देतात, पोटासाठी. ते नाक न दाबता खाल्लंत तर शेजारी खूश. पण दुपारनंतर दिवाळी संपते. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज हे कामाचे दिवस, तेव्हा रजा आधीच टाका.

गणपती घरोघरी बसतो, बहुधा थोड्या दिवसांचा. रस्त्यावर ओल्या मातीचे गणपती आणि त्यांच्यासाठी रंगीत कागदाच्या छोट्या छत्र्या विकायला येतात. मोदकाला ‘कोळुक्कट्टै’ म्हणतात. गुढीपाडव्याला इथल्या तेलुगू लोकांचा उगादी असतो म्हणून सुट्टी मिळते, तमिळ वर्ष मात्र १४ एप्रिलला लागतं. संक्रांत म्हणजे पोंगल आणि तो चार दिवस. आदल्या दिवशी ‘भोगी’, हे नाव ओळखीचं. फक्त इथं भोगीला भाजी-भाकरी नव्हे, पहाटे घरातलं जुनं सामान जाळतात. धुरानं विमानं खोळंबतात, त्या दिवशी सकाळचं तिकीट काढू नका.

सगळ्यात मोठा उलटा धडा अमावस्येचा. आपण अमावस्येला नवं काही करत नाही. इथं अनेक लोक अमावस्या शुभ मानतात, नव्या कामाला मुद्दाम तोच दिवस धरतात. आमच्या मालकीणबाईंनी गृहप्रवेशाला अमावस्या सुचवली तेव्हा साताऱ्याला फोनवर जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणखी एक: दुकानदार अमावस्येला आणि सगळेच जण आयुधपूजेला दारासमोर, गाडीसमोर कोहळा फोडतात. रस्त्यावर त्याचा कुंकू लावलेला लगदा पडलेला असतो. स्कूटी घसरते. मी पडले आहे.

रोजचा प्रवास?

मेट्रो २०१५ मध्ये सुरू झाली, विमानतळ आणि सेंट्रल स्टेशन तिच्यावर आहेत. तांबरम-बीच लोकल मुंबईकराला लगेच जमते, गर्दी बघून उलट हसूच येईल. बसमध्ये कंडक्टर बऱ्याचदा जागेवर बसलेला असतो, पैसे आणि तिकीट हातोहात पोचतात आणि सुटे पैसेही परत येतात. मे २०२१ पासून साध्या भाड्याच्या शहर बसमध्ये बायकांना प्रवास फुकट आहे. तुम्ही कुठल्या राज्याच्या हे कुणी विचारत नाही, मला हे अजून छान वाटतं. रिक्षाचा मीटरदर २०१३ मध्ये ठरला होता, पहिल्या १.८ किलोमीटरला २५ रुपये. तो दर सांगितलात तर रिक्षावाला प्रेमानं हसेल. अॅपवरून बोलवा.

एक बारीक गोष्ट. समुद्र पूर्वेला आहे. मुंबईची सवय असेल तर दिशा महिनाभर उलट्या लागतात. मरीनावर सूर्यास्त बघायला जाऊ नका, तो पाठीमागे इमारतींत होतो. पहाटे जा, किंवा पौर्णिमेच्या संध्याकाळी. पाण्यात मात्र उतरू नका, ओढ फार आहे.

एमएच पासिंगची गाडी चालेल का?

बारा महिने. त्यानंतर मूळ आरटीओकडून ना-हरकत आणून इथं नोंदणी आणि रस्ताकर. आधीच्या कराचा परतावा महाराष्ट्रातून मागायचा, त्याला धीर लागतो. जुनी दुचाकी असेल तर विकून या.

मुलांच्या शाळेत तमिळ सक्तीची आहे का?

राज्य मंडळाच्या शाळांत २००६ च्या कायद्यानं ती पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. सीबीएसई शाळेत दुसरी भाषा कोणकोणती मिळते हे प्रवेशाआधी विचारा. मुलगी लहान असेल तर तमिळच घ्या असं मी म्हणेन. आमची आता मला दुकानात दुरुस्त करते. मराठी वाचन घरी घ्यावं लागतं आणि त्यात आम्ही कमी पडलो, हेही सांगून ठेवते.

तिथं मराठी माणसं आहेत का?

आहेत, आणि तीन वेगवेगळ्या काळांतली.

आयटी आणि कारखान्यांतली आपल्यासारखी अलीकडची. त्याआधी आलेले गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडीकडची मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली, तशी साहुकारपेटेतही आहेत. तिथल्या एका गल्लीत पहिल्यांदा ‘काय वो, कुठनं आला?’ ऐकलं आणि मी भर रस्त्यात थांबले. दुष्काळी गावातून चौदाव्या वर्षी आलेला माणूस अस्खलित तमिळ बोलतो आणि यात्रेला न चुकता गावी जातो. तमिळ कसं शिकावं हे त्यांना विचारा, ते कुठल्याही क्लासला गेले नव्हते.

आणि तिसरे तंजावरचे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तिथं गादी स्थापली, १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. सरफोजीराजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसल्यांच्या कुळाचा लांबलचक मराठी शिलालेख आजही आहे. त्या काळात तिकडं गेलेल्या घरांचे वंशज चेन्नईत भेटतात, नावामागे बहुधा ‘राव’. त्यांच्या मराठीला तमिळ हेल आहे आणि कित्येक शब्द आपल्या पणजीच्या तोंडचे. माझ्या ओळखीच्या एक बाई माझं मराठी ऐकून म्हणाल्या, तुमचं जरा बिघडलंय.

पाहुणे आले की जिंजीला न्या, दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात इथूनच राज्य चालवलं. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मिळाला, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटा. चढण उभी आहे, सकाळी लवकर निघा.

करमतं का?

पहिलं वर्ष नाही. दुसऱ्या वर्षी पूर आला.

कुणालाही ‘सोंद ऊरु’ म्हणजे मूळ गाव विचारून बघा, मदुरै, तिरुनेलवेली, तंजावर अशी उत्तरं येतात. पोंगलला गाड्या भरभरून लोक गावी जातात आणि शहर ओस पडतं, गणपतीत मुंबई कोकणात जाते तसं. त्या चार दिवसांत आपल्यालाच कुठं जायचं नसतं, तेव्हा वाईट वाटतं. मुंबईची गाडी सोलापूर-पुण्यावरून जाते, जवळपास एक दिवस लागतो, आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. पोंगलचं तिकीट त्याच सकाळी काढा.

सामानात काय आणू, काय नको?

गोडा मसाला, आमसुलं, पुरणयंत्र आणि भाकरीचा तवा आणा. लोकरीचे कपडे माळ्यावरच राहू द्या. मिक्सर आणलात तरी इथं आल्यावर दगडाचा ग्राइंडर घ्यालच. कूलर आणू नका, दमट हवेत तो नुसता ओलावा फेकतो. रांगोळीचे ठिपके येत असतील तर पहिल्याच आठवड्यात दारात काढा, तांदळाच्या पिठानं. समोरची बाई आपली कोलम (इथली रांगोळी) अर्धवट सोडून बघायला येईल, एखादी ओळ चुकली असं सांगेल आणि वाकून नीट करून देईल. तिला कॉफी विचारा.